जागतिक सरकार आले तर ते कोणाच्या हिताचे असेल?

संथवाहिनी (मूळ प्रश्न)

संपूर्ण पृथ्वीचे एकच सरकार असावे, ही कल्पना अधूनमधून डोके वर काढते आणि प्रत्येक वेळी तिच्याभोवती दोन टोकांची मते जमा होतात. एक मत असे की हवामानबदल, अण्वस्त्रे, साथीचे रोग आणि कर चुकवण्यासाठी देश बदलत राहणाऱ्या कंपन्या हे प्रश्न आता कोणत्याही एका देशाच्या आवाक्यातले राहिलेले नाहीत, त्यामुळे आज ना उद्या असे सरकार स्थापन केल्यावाचून गत्यंतर नाही. दुसरे मत असे की हे सरकार पडद्याआडून केव्हाच सुरू झाले आहे, मूठभर धनाढ्य घराणी आणि बँका ते चालवतात, आणि संयुक्त राष्ट्रसंघ हा त्याचा केवळ दर्शनी भाग आहे. पहिले मत मला भाबडे वाटते. दुसरे मत मांडणाऱ्यांकडे पुरावा मागितला की ते मागणाऱ्यालाच कटात सामील ठरवतात, त्यामुळे तिथे चर्चा पुढे सरकत नाही.

तरीही ‘हित कोणाचे’ हा प्रश्न खोटा नाही आणि तो नवाही नाही. १९४७ साली अल्बर्ट आइनस्टाइन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला उद्देशून एक खुले पत्र लिहिले. आमसभेचे अधिकार वाढवावेत, तिचे प्रतिनिधी सरकारांनी नेमण्याऐवजी लोकांनी थेट निवडावेत आणि या संघटनेने जागतिक सरकारच्या दिशेने वाटचाल करावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर चार सोविएत शास्त्रज्ञांनी जाहीर उत्तर दिले आणि असे सरकार म्हणजे मक्तेदार भांडवलाला सगळ्या जगावर राज्य करण्यासाठी मिळालेले सोज्वळ नाव ठरेल, असा आक्षेप घेतला. हे शास्त्रज्ञ स्टालिनच्या राज्यात बसून लिहीत होते, त्यामुळे राष्ट्रांच्या स्वातंत्र्याविषयी त्यांना वाटणाऱ्या काळजीचे वजन किती धरायचे ते ज्याने त्याने ठरवावे. पण आक्षेप कोणी घेतला यावरून तो निकालात निघत नाही.

कल्पनेतल्या आदर्श सरकारविषयी मला विचारायचे नाही. आज ज्या जागतिक संस्था आहेत त्यांचा अनुभव पाहता, असे सरकार आल्यास बलवानांना वेसण बसेल की दुर्बलांना दाबण्याचे आणखी एक साधन बलवानांच्या हाती येईल? शक्यतो एखादे प्रत्यक्ष प्रकरण समोर ठेवून उत्तर द्यावे, ही विनंती.

पानोपान

पडद्याआडच्या सरकारची गोष्ट आधी बाजूला ठेवू, कारण तिच्यामुळे खरा मुद्दा झाकला जातो. जगाचा कारभार कोणाच्या बाजूने झुकलेला आहे हे शोधण्यासाठी गुप्तहेर लागत नाहीत. ते करारांमध्ये छापलेले आहे आणि कोणालाही वाचता येते.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे उदाहरण घ्या. तिथे प्रत्येक देशाचे मत त्याच्या वर्गणीच्या वाट्याप्रमाणे मोजले जाते. अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के मते आहेत, तर भारताकडे तीन टक्केसुद्धा नाहीत. नाणेनिधीची घटना बदलायची किंवा हे वाटे नव्याने ठरवायचे तर ८५ टक्के मते लागतात. नकाराधिकार हा शब्द त्या दस्तऐवजात शोधून सापडणार नाही. पण साडेसोळा टक्के वजा केले की उरतात साडेत्र्याऐंशी, आणि काम तिथेच संपते. २०१० साली भारत, चीन, ब्राझील यांचा वाटा थोडासा वाढवण्याची सुधारणा नाणेनिधीने मंजूर केली. ती अमलात आली जानेवारी २०१६ मध्ये, कारण अमेरिकेच्या संसदेने तिला मान्यता देण्यास २०१५ चा डिसेंबर उजाडू दिला. शंभराहून अधिक देश एका देशाच्या संसदेच्या सवडीची वाट पाहत थांबले होते आणि यात बेकायदा असे काहीही नव्हते.

जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकेचा आणि नाणेनिधीचा प्रमुख युरोपचा, हा संकेत तर लेखी नियमाशिवायच पाळला जातो. २०२३ मध्ये खडकीत जन्मलेले अजय बंगा जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले तेव्हा आपल्याकडे अभिमानाच्या बातम्या झळकल्या. त्यांची पात्रता मोठी आहे यात शंका नाही. मात्र त्यांचे नाव अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सुचवले होते आणि ते अमेरिकेचे नागरिक आहेत, ही माहिती बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात होती.

माझे उत्तर असे आहे. जागतिक सरकार येणार की नाही, ही चर्चा थोडी उशिराची आहे, कारण ते तुकड्यातुकड्यांनी आलेले आहे. व्यापार, पेटंट, कर्जफेड, परकीय गुंतवणुकीचे संरक्षण या विषयांत आंतरराष्ट्रीय नियम बरेच काटेकोर आहेत आणि ते मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागते. कामगारांची मजुरी, स्थलांतरितांचे हक्क, कंपन्यांवरील कर, कार्बन उत्सर्जन या विषयांतही करार आहेत, परंतु त्यांतील बहुतेकांत बंधन कमी आणि सदिच्छा जास्त. पॅरिस हवामान करारात आपले उद्दिष्ट प्रत्येक देश स्वतः ठरवतो आणि ते गाठले नाही तर दंड नाही. पेटंटच्या करारात मात्र भारताला १९७० चा पेटंट कायदा बदलून १ जानेवारी २००५ पासून औषधांवर उत्पादन-पेटंट देणे भागच पडले. हित कोणाचे, याचे उत्तर मला या दोन करारांमधल्या फरकात दिसते. ज्या खात्यांची ज्यांना गरज होती, ती खाती त्यांनी आधी उघडून घेतली.

मांडवीकाठ

पानोपान यांच्या मांडणीशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण नकाराधिकार म्हणजे बलवानांची मिरासदारी असे सरसकट म्हणताना गोव्याच्या माणसाची जीभ थोडी अडखळते. आमचे प्रकरण मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण ‘जागतिक बहुमत’ म्हणजे काय ते त्यात चांगले दिसते.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि त्याच दिवशी पोर्तुगालच्या तक्रारीवरून न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी हा वसाहतवादाचा शेवटचा अवशेष काढून टाकण्याचा प्रश्न असल्याचे सांगितले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव मांडला की शस्त्रसंधी व्हावी आणि भारताने आपले सैन्य लगेच मागे घ्यावे. परिषदेत तेव्हा ११ सदस्य होते आणि ठराव मंजूर होण्यास ७ मते पुरत. ठरावाच्या बाजूने बरोबर ७ मते पडली. त्यांत चिली आणि इक्वेडोर होते, तसेच तैपेईत बसून संपूर्ण चीनच्या नावाने मत देणारे सरकारही होते. विरोधात सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) आणि सोविएत संघ असे चौघे. यातल्या चौथ्याचे मत नकाराधिकाराचे होते, म्हणूनच ठराव पडला. १९ तारखेच्या संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली.

आता कल्पना करा की त्या वेळी खरोखरच जागतिक सरकार होते, तिथे नकाराधिकार नव्हता, बहुमताचा निर्णय बंधनकारक होता आणि तो अमलात आणायला त्या सरकारपाशी फौज होती. सर्व काही लोकशाही पद्धतीने पार पडून गोवा पुन्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या ताब्यात गेला असता. पोर्तुगालने १९५१ मध्येच आपली राज्यघटना दुरुस्त करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले होते, त्यामुळे त्यांच्या लेखी हे एका सार्वभौम देशावरचे आक्रमण होते. नाटोचा संस्थापक सदस्य म्हणून त्यांना मित्रांची कमतरता नव्हती.

याउलट आमसभेने त्याआधी वर्षभर, डिसेंबर १९६० मध्ये, वसाहतींना स्वातंत्र्य देण्याचा जाहीरनामा संमत केला होता. पोर्तुगालच्या ज्या प्रदेशांना स्वशासन नाही त्यांची यादीही तिने ठरावात दिली होती आणि त्या यादीत गोवा होता. म्हणजे एकाच संघटनेच्या एका सभागृहाने सालाझारचा दावा नाकारला होता आणि दुसऱ्या सभागृहातले बहुमत त्याच्या बाजूने उभे राहिले. फरक इतकाच की पहिल्या सभागृहात आफ्रिका व आशियातले नवस्वतंत्र देश मोठ्या संख्येने आले होते आणि दुसऱ्यात त्यांना फारशी जागा नव्हती.

न्यायालयाचाही अनुभव सांगण्यासारखा आहे. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि आठवडाभरातच, २२ डिसेंबरला, त्याने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली होती आणि तिकडे सैन्य नेण्यासाठी भारताच्या हद्दीतून वाट मिळावी, असा पोर्तुगालचा दावा होता. भारताच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला हे त्या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून बसले. १२ एप्रिल १९६० चा निकाल मोठा मासलेवाईक आहे. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे नेण्याचा नव्हता. आणि भारताने कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही. वसाहत न्याय्य आहे का, हा प्रश्न न्यायालयासमोर आलाच नाही, कारण कागदपत्रे होती ती मराठ्यांशी अठराव्या शतकात झालेल्या तहाची आणि इंग्रजी अमलातल्या वहिवाटीची. ज्यांच्या जमिनीवर हा सगळा वाद चालला होता त्या वारली आणि कोकणा लोकांना त्यात पक्षकार म्हणून स्थान नव्हते.

म्हणून माझा निष्कर्ष पानोपान यांच्याहून जरा निराळा आहे. नकाराधिकाराने आमचे भले केले ते योगायोगाने, कारण शीतयुद्धात सोविएत संघाला भारताची मैत्री हवी होती. उद्या तोच हात दुसऱ्याच्या विरोधात उठेल आणि उठलाही आहे. १९५६ साली सोविएत फौजा शिरल्या तेव्हा हंगेरीच्या लोकांना याचा अनुभव आला. परंतु नकाराधिकार काढून टाकला की न्याय आपोआप येईल, हेही खरे नाही. सभागृहात कोणाला खुर्ची मिळाली आहे, हे मतदानाच्या नियमाच्याही आधी ठरते.

हिशेबनीस

सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करून निवृत्त झालो आहे. राज्यशास्त्र माझा विषय नाही. ऊस आणि कापूस मात्र जवळून पाहिले आहेत, त्यामुळे जागतिक व्यापार संघटनेपुरते बोलतो. तिथे नाणेनिधीसारखी वजनदार मते नाहीत. कागदोपत्री सगळे सदस्य समान आहेत आणि निर्णय सहमतीने होतात. तरीही काय घडते ते पाहावे.

आधी कापूस. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना प्रचंड अनुदान देते, त्यामुळे जागतिक बाजारात रुईचे भाव पडतात आणि त्याची झळ यवतमाळपासून मालीपर्यंत सर्वांना बसते, ही तक्रार जुनी आहे. २००२ मध्ये ब्राझीलने संघटनेकडे रीतसर दावा दाखल केला आणि २००५ मध्ये अपील मंडळाने त्याच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेने पुरेशी दुरुस्ती केली नाही, तेव्हा ब्राझीलला प्रतिकारात्मक कारवाईची परवानगी मिळाली. अमेरिकी मालावर जादा आयातकर लावण्याची आणि पेटंटसारख्या बौद्धिक संपदेच्या हक्कांनाही हात घालण्याची तयारी ब्राझीलने केली. तेव्हा कुठे तडजोड झाली, आणि ती कशी झाली ते वाचून मी थक्क झालो होतो. अमेरिकेने आपल्या शेतकऱ्यांचे अनुदान बंद करण्याऐवजी ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे २०१० मध्ये मान्य केले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. स्वतःचे अनुदान चालू ठेवण्यासाठी अमेरिकेने दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यांना पैसे मोजले.

बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये हीच तक्रार संघटनेच्या व्यासपीठावर मांडली होती. त्यांचे नुकसान ब्राझीलपेक्षा अधिक गंभीर होते, कारण त्यांच्या निर्यातीत कापसाचा वाटा फार मोठा. पण बेनिनने अमेरिकी मालावर जादा कर लावला तर अमेरिकेत कोणाची झोप उडणार? निकाल सर्वांसाठी एकच होता. वसुली करण्याची ताकद ज्याच्याकडे होती त्याला पैसे मिळाले, बाकीच्यांना सहानुभूती मिळाली. विदर्भातल्या शेतकऱ्याला तर त्या दाव्यात नावापुरतेही स्थान नव्हते.

आता साखर, आणि इथे आपली बाजू तितकीशी सोज्वळ नाही. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये भारताविरुद्ध दावा केला की उसाच्या दराची हमी आणि निर्यात अनुदान हे नियमांचे उल्लंघन आहे. भारताचा युक्तिवाद असा होता की एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, सरकार देत नाही, कारखाने देतात. हे खरे आहे. गाळप हंगामात एफआरपीचे हप्ते भागवताना बँकेची पत मर्यादा कशी ताणावी लागते ते मला कोणी सांगायला नको. पण पॅनेलने डिसेंबर २०२१ च्या अहवालात म्हटले की दर सरकारने ठरवला आहे, तेवढे पुरे. पैसे कोणाच्या खिशातून जातात याने फरक पडत नाही. शेतकऱ्यांना असा आधार देण्याची विकसनशील देशाला मुभा आहे ती उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि भारताचा आधार तिच्या कितीतरी वर गेला, असा निष्कर्ष निघाला.

हा आधार मोजतात कसा, हे पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याला आज मिळणाऱ्या दराची तुलना करायची ती १९८६ ते १९८८ या काळातल्या ठरावीक आंतरराष्ट्रीय दराशी. मधल्या तीन-साडेतीन दशकांत मजुरी, खत, डिझेल यांचे काय झाले ते या हिशेबाला ठाऊक नाही. असा ताळेबंद मी मांडला असता तर लेखापरीक्षकाने तो माझ्या तोंडावर फेकला असता. उलट ज्या श्रीमंत देशांनी त्या काळात भरपूर अनुदाने दिली होती, त्यांना ती टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या अटीवर ठरावीक मर्यादेपर्यंत पुढे चालू ठेवण्याचा हक्क मिळाला. ज्यांनी तेव्हा फारशी दिली नव्हती त्यांना दहा टक्क्यांची चौकट मिळाली.

पुढे काय झाले? भारताने अपील केले. अपील मंडळावर डिसेंबर २०१९ पासून सुनावणीपुरते सदस्यच नाहीत, कारण अमेरिका नव्या नेमणुका अडवून बसली आहे. अपील पडून आहे आणि पॅनेलचा निकाल लागू होत नाही. अमेरिकेने न्यायालय बंद पाडले म्हणून आपण तिला दोष देतो, आणि त्याच बंद न्यायालयाच्या आडोशाला आपला ऊस सुखरूप उभा आहे. मांडवीकाठ यांच्या गोव्यासारखीच ही गत झाली.

मूळ प्रश्नाचे माझे उत्तर इतकेच की निकाल देणारी यंत्रणा असणे आणि निकालाची वसुली करणारी यंत्रणा असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वसुली तक्रारदारावर सोपवली की फायदा बळकट तक्रारदाराचाच होणार. त्या अर्थाने बेनिनला जागतिक सरकारची गरज अमेरिकेपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि म्हणूनच ते येत नाही.

संथवाहिनी

उत्तरांबद्दल मनापासून आभार. हिशेबनीस यांच्या शेवटच्या वाक्यावर थोडे अडायचे आहे. बेनिनला असे सरकार हवे हे मान्य. पण त्या सरकारात बेनिनचे स्थान काय राहील? आमसभेत आज नाउरूच्या सुमारे बारा हजार लोकांना एक मत आणि भारताच्या १४० कोटींहून अधिक लोकांनाही एकच मत आहे. नाणेनिधीत पैशाला मत आहे. उरतो तिसरा मार्ग, माणशी एक मत. लोकशाहीच्या दृष्टीने तोच सरळ वाटतो आणि त्यात भारताचा वाटा सुमारे साडेसतरा टक्के होतो. आपल्याकडचे अनेक जण याच हिशेबावर खूश असतात. तो मार्ग टिकेल का?

उंबरठा

माणशी एक मत हा हिशेब मांडणाऱ्यांना मी नेहमी लोकसभेची आठवण करून देतो. राज्यांमधील जागांची वाटणी आजही १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे. आधी १९७६ च्या आणि नंतर २००१ मध्ये केलेल्या घटनादुरुस्तीने ही मुदत लांबवली. कारण उघड आहे. ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचे वजन माणशी मताच्या न्यायाने घटते आणि ते त्यांना मान्य नाही. एका देशात, एका राज्यघटनेखाली, पन्नास वर्षे हा प्रश्न पुढे ढकलावा लागत असेल, तर डेन्मार्कचा किंवा बेनिनचा नागरिक भारत आणि चीन यांच्या एकत्रित बहुमताखाली राहण्यास राजी होईल, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? युरोपीय संसदेने यातून मधला मार्ग काढला आहे. जर्मनीला ९६ जागा आणि जेमतेम साडेपाच लाख वस्तीच्या माल्टाला ६. माल्टाच्या मताला जर्मन मताच्या सुमारे नऊपट वजन आहे आणि ते जाणूनबुजून दिलेले आहे.

मात्र अशा वाटणीनेही सर्व काही साधत नाही, हे युरोपातच दिसले. जुलै २०१५ मध्ये ग्रीसच्या जनतेने कर्जदात्यांच्या अटी सार्वमतात ६१ टक्क्यांनी फेटाळल्या आणि आठवडाभरात त्याच सरकारला तितक्याच कडक अटी मान्य कराव्या लागल्या. हा निर्णय युरोपीय संसदेत झाला नाही. तो युरो वापरणाऱ्या देशांच्या नेत्यांच्या रात्रभर चाललेल्या बैठकीत झाला. संसद निवडून दिलेली असली तरी तिजोरी तिच्या ताब्यात नव्हती.

तरीही मी ही कल्पना मोडीत काढणार नाही, आणि त्यामागे एक कारण आपल्या मुंबईतलेच आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर काँग्रेसने जो ठराव संमत केला, त्यातला ‘भारत छोडो’ एवढाच भाग आपल्या लक्षात राहिला. नेहरूंनी मांडलेल्या त्याच ठरावात पुढे म्हटले आहे की जगाची शांतता आणि सुव्यवस्थित प्रगती यांसाठी स्वतंत्र राष्ट्रांचे जागतिक संघराज्य आवश्यक आहे. त्यात एका राष्ट्राने दुसऱ्याचे शोषण करण्यास आळा बसावा, अल्पसंख्याकांचे रक्षण व्हावे, मागासलेल्या प्रदेशांची उन्नती व्हावी, जगाची साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी एकत्र यावी आणि राष्ट्रांना स्वतंत्र फौजांची गरजच उरू नये. स्वतंत्र भारत अशा संघराज्यात आनंदाने सामील होईल, असेही त्यात नमूद आहे. राजद्रोहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसांनी हे लिहिले होते. त्यांनी ‘स्वतंत्र राष्ट्रांचे’ हा शब्दप्रयोग अट म्हणून घातला होता: आधी स्वातंत्र्य, मग संघराज्य.

प्रत्यक्षात झाले ते उलट्या क्रमाने. एप्रिल १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी सॅन फ्रान्सिस्कोत परिषद भरली तेव्हा ठराव मांडणारे नेहरू अजून तुरुंगात होते. भारताच्या वतीने सनदेवर सही केली ती ब्रिटिश सरकारने नेमलेल्या रामस्वामी मुदलियार यांच्या शिष्टमंडळाने. विजयालक्ष्मी पंडित त्या शहरात होत्या, पण सभागृहाबाहेर. हे शिष्टमंडळ भारतीय जनतेचे नाही, हे त्या जगाला सांगत होत्या. आशिया-आफ्रिकेतले बहुतेक आजचे देश तेव्हा कोणाची ना कोणाची मालमत्ता होते. सनदेतल्या पाच कायम जागा त्या क्षणी वाटल्या गेल्या. १९६५ मध्ये सुरक्षा परिषद ११ वरून १५ सदस्यांची झाली, परंतु कायम जागांना हात लागला नाही. कलम १०८ प्रमाणे सनदेतली कोणतीही दुरुस्ती अमलात येण्यास पाचही कायम सदस्यांची मान्यता लागते, आणि आपल्याच अधिकाराला कात्री लावणाऱ्या दुरुस्तीवर कोणी आपणहून सही करत नाही.

माझ्या मते जागतिक सरकार कोणाच्या हिताचे, याचे उत्तर त्याच्या मतपेटीत नाही आणि फौजेतही नाही. ते त्याच्या घटनेतल्या दुरुस्तीच्या कलमात असते. नाणेनिधीत ८५ टक्के, सनदेत कलम १०८. ज्यांच्या हाती ही किल्ली आहे त्यांचे हित त्या घटनेत कायमचे मुरलेले राहते, मग बाकीची कलमे कितीही उदात्त असोत. आपल्या वस्तू व सेवा कर परिषदेतही केंद्राकडे एक तृतीयांश वजन आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मते, अशीच बेरीज आहे. राज्यांना ती का टोचते, हे जागतिक संस्थांचा अभ्यास न करताही आपल्याला कळते.

पानोपान

उंबरठा यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. सनद लिहिणाऱ्या लहान देशांना हा धोका १९४५ सालीच दिसला होता. त्यांच्या आग्रहामुळे कलम १०९ आले. सनदेचा फेरविचार करण्यासाठी सर्वसाधारण परिषद बोलावता येईल आणि दहा वर्षांत ती भरली नाही, तर तिचा प्रस्ताव आमसभेच्या दहाव्या वार्षिक अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावाच लागेल, अशी त्यात तरतूद आहे. त्याप्रमाणे १९५५ मध्ये तो विषय आमसभेपुढे आला. परिषद ‘योग्य वेळी’ भरवावी, असे ठरले आणि ती वेळ ठरवण्यासाठी समिती नेमली गेली. ती परिषद आजतागायत भरलेली नाही.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ही परिषद बोलावण्यास नकाराधिकार लागू नाही. आमसभेत दोन तृतीयांश मते आणि सुरक्षा परिषदेतल्या कोणत्याही नऊ सदस्यांची मते मिळाली की ती बोलावता येते. तिथे सुचवलेल्या दुरुस्त्या अमलात आणताना पाच कायम सदस्यांची मान्यता लागेल, हे खरे आहे. पण १९३ देशांनी एकत्र बसून नवा मसुदा संमत करायचा आणि मग त्या पाचांनी तो जगासमोर नाकारायचा, एवढी अडचण तरी त्यांच्यापुढे उभी करता येते. भारत कायम जागेची मागणी अनेक वर्षे करतो आहे. ती मागणी मान्य झाली तर किल्लीवाल्यांची संख्या पाचावरून सहावर जाईल. कलम १०९ ची परिषद बोलावण्याचा आग्रह भारताने त्याच जोमाने धरलेला मला कुठे दिसलेला नाही.